वाळवंटातलं फुरसं

न्यूझीलंडमध्ये साप नाहीत, यावर माझ्या बाबांचा कधीच विश्वास बसला नाही. आई-बाबा हॅमिल्टनला आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा संध्याकाळी जेवणं झाली की बाबा फिरायला निघायचे. उन्हाळा होता, बाहेर चांगला उजेड असायचा, तरी त्यांच्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात माझ्या नवऱ्याने ट्रेकिंगसाठी घेतलेली काठी. रोटोटुना या उपनगरातल्या आमच्या रस्त्याला कडेने कापलेलं, गालिच्यासारखं गवत आहे. त्यावरून जाताना बाबा दर दोन पावलांवर काठी आपटायचे. शेजारच्या बाईंनी एकदा मला कुंपणावरून विचारलं, तुझ्या वडिलांना चालायला त्रास होतोय का? मी म्हटलं, त्रास नाही, सापाची भीती आहे. त्या खूप हसल्या. आपला जन्म इथला, वय सत्तरच्या पुढे, आयुष्यात कधी साप पाहिला नाही, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाले, "त्यांना दिसला नसेल."

मला तेव्हा गंमत वाटली होती. माझी मुलगी तर दिवसभर त्याच गवतात अनवाणी पळायची. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कुठे टाकल्या हे तिलाही ठाऊक नसायचं. आई तिच्यामागून चप्पल घेऊन फिरायची आणि मी आईवर चिडायचे. आपण एवढ्या लांब आलो ते काय टॉर्च घेऊन फिरण्यासाठी?

आमचं गाव रत्नागिरीजवळ, कातळावरचं. तिथे नागाला मान, घोणशीची भीती आणि फुरशाशी जवळजवळ घरोबा. फुरसं म्हणजे हात-दीड हाताचा मातकट साप. चिऱ्याखाली, गवताच्या भाऱ्यात, अंगणातल्या चपलेत, कुठेही सापडतो. चिडला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो आणि खरखर असा आवाज येतो. तो आवाज आमच्याकडच्या लहान पोरांनाही ओळखता येतो. बाबांना तरुणपणी गवत कापताना पायाच्या अंगठ्याला फुरसं चावलं होतं. तालुक्याला नेलं, इंजेक्शनं दिली, दोन दिवसांत घरी परत. अंगठ्याचं नख तेवढं कायमचं काळं पडलं. घरी कुणी नवीन पाहुणा आला की चहाबरोबर त्याला तो अंगठा दाखवला जायचा आणि शेवटी बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "फुरशाने माणूस मरत नाही. वेळ देतं ते."

त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी मेडिकलला गेल्यावर शिकले. फुरशाचं विष रक्तात शिरतं आणि रक्त गोठवणारे जे घटक असतात ते हळूहळू संपवून टाकतं. मग रक्त पाण्यासारखं होतं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, जुन्या जखमा पुन्हा वाहू लागतात. कधी कधी डोक्याच्या आत रक्तस्राव होतो आणि तो बाहेरून कुणाला दिसत नाही. हे काही तासांत होतं, तसं चार-पाच दिवसांनीही होऊ शकतं. मधल्या काळात माणूस चालतो, बोलतो, जेवतो. वेळ देतं हे खरं, पण त्याच वेळेत माणूस फसतो.

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिकल इंजिनियर. गेल्या वर्षी त्याने जैसलमेरकडच्या एका सोलर प्रकल्पावर नोकरी धरली. नजर जाईल तिथवर वाळू आणि तिच्यावर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या निळ्या काचा, असे फोटो तो पाठवायचा. दर रविवारी आमचा सगळ्यांचा व्हिडिओ कॉल असे. आमची संध्याकाळ, त्यांची दुपार. भाऊ हसायला लागला की फोनचा स्पीकर फाटायचा. तोंड पार उघडून, दाढा दिसेपर्यंत हसायचा तो. लहानपणापासून तसाच. फोटो काढताना आई त्याला म्हणायची, तोंड मीट रे जरा.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी कॉल लागला तेव्हा भाऊ वाळवंटात नव्हता. रत्नागिरीच्या घरी, ओटीवर, आईशेजारी बसला होता.

"अरे, तू कधी आलास?"

"सुट्टी होती शिल्लक," तो म्हणाला. "म्हटलं, आंबे मोहरलेत का बघून यावं."

आई लगेच बोलायला लागली. खूपच बोलायला लागली. विहिरीचा पंप, शेजारच्यांचं लग्न, माझ्या मुलीची शाळा. बाबा तिच्यामागे उभे होते आणि अजिबात बोलत नव्हते. मी इमर्जन्सी विभागात काम करते. एकजण भराभर बोलतोय आणि दुसरा मुकाट उभा आहे, असे नातेवाईक मी रोज बघते. पण आपल्या माणसांकडे आपण त्या नजरेने बघत नाही. मला वाटलं, भावाने नोकरी सोडली असेल.

मग माझ्या नवऱ्याने मागून काहीतरी चेष्टा केली. तो हिरवळ कापून आला होता, अंगभर गवत चिकटलेलं. भाऊ त्यावर हसला. तोंड मिटून हसला.

मी फोन जवळ घेतला. त्याच्या हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. बोळा लाल होता.

"हनुवटीला काय झालं?"

"दाढी करताना कापलं."

"कधी?"

"सकाळी. सातला वगैरे."

त्यांच्याकडे दुपारचे बारा वाजले होते. "तोंड उघड," मी म्हटलं.

"ताई, काय गं..."

"तोंड उघड आणि फोन जवळ धर."

त्याने आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे. मग त्याने तोंड उघडलं. दातांच्या कडेने, प्रत्येक दाताभोवती, रक्ताची बारीक रेघ होती. पान खाल्ल्यासारखी.

त्यानंतर सगळं बाहेर आलं. पाच दिवसांपूर्वी सकाळी, ऊन चढल्यावर, भाऊ केबलचा चर बघायला गेला होता. पायात कॅनव्हासचे बूट. वाळूतून खरखर ऐकू आली. "मला आवाज ओळखीचा वाटला, म्हणून मी थांबलो," असं त्याने मला पुढे सांगितलं. बाकीची माणसं मागे पळाली आणि आमचा हा मात्र, गाववाला भेटल्यासारखा, जागच्या जागी उभा राहिला. घोट्याला चावलं. तिथली माणसं त्या सापाला बांडी म्हणतात, पण भावाने पाहताक्षणी ओळखलं. फुरसंच. फक्त रंगाने फिकट, वाळूसारखं.

कंपनीच्या लोकांनी त्याला तासाभरात हॉस्पिटलात पोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं रक्त काचेच्या नळीत ठेवून पाहिलं, ते गोठलं नाही. विषावरचं औषध चढवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवलं, तेव्हा कुठे रक्त गोठायला लागलं. त्यांनी बजावून सांगितलं की आठवडाभर इथेच राहा, रोज रक्त बघावं लागेल, आमच्याकडच्या या सापाचं विष औषधाला नीट दाद देत नाही, उतरल्यासारखं वाटतं आणि परत चढतं. हे सगळं भावाने बाबांना फोनवर सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "फुरसंच ना? नक्की?"

नक्की म्हटल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला. नाग नाही, घोणस नाही, आपलं फुरसं. त्यांनी भावाला सांगितलं की ते लोक उगाच घाबरवतात, मी दोन दिवसांत घरी आलो होतो, तिथे परक्या मुलखात पडून राहण्यापेक्षा घरी ये, आईच्या हातचं खा. आणि हा शहाणा स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेऊन, आधी ट्रेन आणि मग बस असा रत्नागिरीला आला. आठशे मैल लांबच्या वाळवंटातलं फुरसं हे कातळावरच्या फुरशासारखंच वागेल, असं फक्त आमच्याकडच्याच माणसांना वाटू शकतं. दुसरं कुणी असतं तर घाबरून तिथेच थांबलं असतं आणि बरं झालं असतं.

आणि मला कळवायचं नाही, हे तिघांनी मिळून ठरवलं होतं. परदेशातल्या मुलांना वाईट बातमी द्यायची नाही हा आमच्याकडे अलिखित नियम आहे. काकांचं ऑपरेशन मला ते घरी आल्यावर कळलं, आईचा हात मोडल्याचं प्लास्टर निघाल्यावर. दर वेळी मी ओरडले आणि दर वेळी आई म्हणाली, तुला कशाला घोर? त्यांना ते प्रेम वाटतं. मला त्या रविवारी ते प्रेम अजिबात वाटलं नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मुलगी खोलीतून बाहेर आली आणि "आर यू ओके, आई?" म्हणून दारात उभी राहिली.

"आत्ता गाडी काढा," मी बाबांना म्हटलं. "जेवू नका, कपडे बदलू नका, आत्ता निघा."

"अगो, पण पायाची सूज उतरली आहे. दुखणंही कमी झालंय, आईने गोळी दिली आहे."

"कुठली गोळी?"

आईने पाकीट आणून फोनसमोर धरलं. अंगदुखीची साधी गोळी, सगळ्या घरांत असते तशी. रक्त आधीच गोठत नसेल तर ती देऊ नये, हे कुणीही डॉक्टर सांगेल. कुणीही म्हणजे मीसुद्धा. त्यांच्या घरातच एक डॉक्टर होती आणि तिलाच विचारायचं नाही असं ठरलं होतं.

"डोकं दुखतंय का?" मी भावाला विचारलं.

"थोडंसं. प्रवासाचं असेल."

मी त्यानंतर ओरडले नाही. आवाज खाली गेला की माझी नर्स समजते, बाबाही समजले. त्यांनी किल्ली घेतली.

गावातून जिल्ह्याच्या हॉस्पिटलापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा. रेंज जात-येत होती. गाडीत आईने फोन धरला होता. कधी भावाचा कान दिसायचा, कधी खिडकीबाहेरची काजूची झाडं. मी सांगत होते ते साधंच होतं, डोकं टेकून बस, तोंड चोळू नकोस, कुणालाही दंडात इंजेक्शन देऊ देऊ नकोस, गेल्या गेल्या वाळवंटातला साप म्हणून सांगा. बाहेर रोटोटुनात साडेआठचं सोनेरी ऊन होतं आणि कुणीतरी बार्बेक्यू लावला होता. मी ओट्याला धरून उभी होते. मला जे येतं ते सगळं त्या घरापासून बारा हजार किलोमीटरवर होतं, आणि मी आईला फोन सरळ धरायला सांगत होते.

ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा भावाचं रक्त नळीत ठेवलं. वीस मिनिटांनी नळी वाकडी केली तर ते ओघळलं. तिथले डॉक्टर माझ्याशी फोनवर बोलले, तरुण होते, आवाजात घाबरल्याची खूण नव्हती. त्यांनी औषध पुन्हा सुरू केलं, प्लाझ्मा मागवला. फुरशाच्या केसेस त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण हे फुरसं आमच्या औषधाचं ऐकेल की नाही हे सांगता येत नाही, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. मला त्याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटले. त्या आठवड्यात खरं बोलणारे ते पहिलेच.

सोमवारी मी कामावर गेले. घरी बसून काय करणार होते? माझ्या हॉस्पिटलात सापाच्या विषावरचं औषध कुणी मागितलेलं मला आठवत नाही. मुंग्यांच्या, मधमाश्यांच्या, फार तर एखाद्या कोळ्याच्या चाव्यापलीकडे इथल्या लोकांना माहीत नाही. त्या दिवशी एक म्हातारे शेतकरी आले होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू, नाकातून रक्त थांबत नव्हतं. मी त्यांच्या नाकात पट्टी भरली आणि थांबले. एरवी मी दुसऱ्या पेशंटकडे जाते, पण त्या दिवशी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने रक्त थांबलं. त्यांनी अंगठा वर करून "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हटलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, डॉक्टर, तू बरी आहेस ना? मी हो म्हटलं. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटत होता. त्याच्या रक्ताला थांबता येत होतं.

दुपारी जेवायच्या खोलीत होते तेव्हा बाबांचा फोन आला. त्यांच्याकडच्या मध्यरात्री भावाच्या हातातून पाण्याचा पेला पडला होता. उचलायला गेला तर उजवा हात उचलेना. स्कॅन केलं, मेंदूत डाव्या बाजूला रक्त उतरलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. खरं म्हणजे तो प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती. पण मला दुसरं काही बोलताच येईना. "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, बाबा?"

बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू तिथून काय करणार होतीस?"

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. एवढी शिकून लांब गेलेली मुलगी तिच्या जागी बरी, तिला तिथे सुखात राहू द्यावं. मी काय केलं असतं हे मला तोंडपाठ होतं. चार शब्द सांगितले असते, तिथेच राहा, रक्त तपासा. तेवढ्याने भावाचा हात वाचला असता. पण ते मी बोलले नाही, कारण बोलून झाल्यावर त्या माणसाला पुन्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर एकट्याने बसायचं होतं. मी म्हटलं, "त्याच्याजवळ जाऊन बसा." आणि त्यांनी फोन ठेवल्यावर मी खोलीतल्या सिंकचा नळ सोडून रडले.

रक्त थांबायला अजून काही दिवस गेले. ते दिवस कसे गेले हे मला सलग आठवत नाही. रोज एकच प्रश्न असे, आज गोठलं का? एका सकाळी त्या तरुण डॉक्टरांचा मेसेज आला, नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. मग मी तिकीट काढून जाऊन आले. भाऊ ओळखत होता, बोलत होता, हळू आणि शब्द शोधत. तोंडाची उजवी बाजू खाली आली होती. मला बघून हसला तेव्हा अर्धंच तोंड उघडलं. आईने नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

माझा बाबांवरचा राग गेलेला नाही. तो जाईल असंही मला वाटत नाही. पण बाबा बदलले, ते मात्र मी परत आल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्यांचे फोटो यायला लागले. पहिला फोटो आईच्या बोटाचा, त्यात काटा गेलेला. खाली लिहिलेलं, "आज सकाळी. कळवून ठेवतो." मग त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचा, खरचटलेला. मग माकडाने फाडलेल्या शर्टाचा, आत जखम नाही हे दाखवण्यासाठी बनियनसकट. डासाची गांधी, ब्लडप्रेशरच्या यंत्राचा आकडा, भाऊ व्यायाम करताना, भाऊ झोपलेला, भाऊ उजव्या हाताने रबरी चेंडू धरायचा प्रयत्न करताना. चेंडू बहुतेक फोटोंत जमिनीवर असतो. माझी मुलगी माझ्या खांद्यावरून बघते आणि म्हणते, "आबा इज सो रँडम." मी तिला काही सांगत नाही. हल्ली तीही गवतात जाताना कधी कधी पाय आपटते, माझ्याकडे बघत, हसत. मी तिला थांबवत नाही.

परवा मी ड्यूटीवर होते. पेशंट पुष्कळ होते, फोन खिशात दोनदा थरथरला तरी काढता आला नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर पाहिला. बाबांनी भावाच्या हनुवटीचा फोटो पाठवला होता, इतक्या जवळून की आधी काय आहे तेच कळेना. इतके महिने बाबाच त्याची दाढी करत. त्या दिवशी त्याने हट्टाने वस्तरा स्वतः घेतला होता, डाव्या हातात, आणि कापून घेतलं होतं. मी फोटो मोठा केला. काप लहानसाच होता. त्यावर खपली धरलेली होती, तांबूस, कोरडी, कडेला दोन केस अडकलेली. तिच्याकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या निघून गेल्या.

मग खाली त्यांचा मेसेज दिसला. "आईला अजून दाखवला नाही. तुला आधी पाठवला."